आशा सुर्वेला शिट्टी कोण मारणार?

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात भांडण झालं. विषय सिनेमाचा होता, बोलणारा मी. माझी गाडी नेहमीप्रमाणे 'सैराट'च्या स्टेशनावरून सुटली. नागराज मंजुळे, करमाळ्याचा मुलूख, पहिल्यांदाच आपला पोरगा पडद्यावर हीरो झाला वगैरे वगैरे. हे मी इतक्यांदा बोललोय की झोपेतही बोलेन. मध्येच मागून एक मुलगी उठली. नर्सिंगला आहे, वर्गात कधी फारशी बोलत नाही. म्हणाली, "दादा, एक विचारू का? आर्ची बुलेटवर बसली तेव्हा तुम्ही समद्यांनी शिट्ट्या मारल्या. आशा सुर्वेवर कोणी मारली?"

पंधरा जण बसले होते. बहुतेकांना आशा सुर्वे कोण हेच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि माहीत असून मी कधी बोललो नव्हतो. हे जास्त वाईट. ती खाली बसली, पोरं 'आमचा पारश्या, आमचा पारश्या' म्हणून कलकलाट करायला लागली, आणि वर्ग तिथंच मोडला. हा लेख म्हणजे त्या मोडलेल्या वर्गातलं माझं राहिलेलं भाषण समजा. त्यात माझी कबुलीही आहे.

आधी एक गोष्ट साफ करतो. रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर या दोघांची जात कोणती, हे मला विचारायचं नाही. तो धंदा दुसऱ्यांनी भरपूर केला. 'सैराट' आला नि नाक्यानाक्यावर पोरं ह्यांची आडनावं तपासत बसली होती. मला वेगळी गोष्ट तपासायचीय. कॅमेरा ह्या दोघांना कोणती जात देतो? कुठलं आडनाव देतो, कुठल्या घरात राहायला पाठवतो, कुठल्या भाषेत बोलायला लावतो? नटाची कारकीर्द म्हणजे शेवटी हेच की. एकामागून एक मिळालेली घरं.

पहिलं घर सगळ्यांना पाठ आहे. २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' लागला. रिंकू अकलूजची. शूटिंगच्या वेळी शाळेत होती, आणि पिक्चर लागायच्या आधीच, मार्च २०१६ मध्ये, ६३ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिला विशेष उल्लेख मिळाला होता. आकाश करमाळ्याकडचा, तालमीतला गडी. दोघांनीही त्याआधी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं शिक्षण घेतलं नव्हतं. कुठल्या नाट्यशिबिरात नाही, पुण्याच्या एकांकिका स्पर्धांत नाही. मराठी सिनेमाचा नट ज्या वाटेनं येतो ती वाटच ह्यांच्या गावावरून जात नव्हती. तिला मिळालं पाटलांचं घर. त्याला मिळालं मासे धरणाऱ्या पारध्याचं घर, आडनाव काळे. मराठीत शंभर कोटींच्या वर जाणारा हा पहिला पिक्चर ठरला. काही गावांत रात्री बाराला खेळ लावले.

मी तालुक्याच्या टॉकीजात पाहिला, हॉस्टेलची नऊ पोरं घेऊन. खोटं कशाला बोलू, मीही नाचलो. पारश्या विहिरीत उडी मारतो तेव्हा माझ्या शेजारचा पोरगा खुर्चीवर उभा राहिला. पण त्या पिक्चरमध्ये एक जागा अशी आहे, तिथं आमची ओळ एकदम थंड पडली. लोखंडे सर वर्गात कविता शिकवतायत, पाटलाचा प्रिन्स मोबाईलवर बोलतोय, सर त्याला हटकतात, आणि तो सरांच्या कानाखाली मारतो. मागच्या खुर्च्यांतून त्या थपडेला हसू आलं. हसणारे कोण होते हे अंधारात दिसलं नाही, पण आम्हाला दिसायची गरज नव्हती. एकाच टॉकीजात दोन पिक्चर चालले होते.

आणि तारीख बघा. बरोबर दोन वर्षांपूर्वी, २८ एप्रिल २०१४ ला, नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात आपला सतरा वर्षांचा पोरगा मारला होता. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो एवढा संशय पुरला. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले, साक्षीदार फुटले होते. म्हणजे पारश्या पडद्यावर मेला त्याच्या आधी खर्ड्यात मेला होता, आणि पडद्यावर मेल्यावर कोर्टात पुन्हा एकदा मेला. पिक्चरच्या शेवटी रक्तात भिजलेली लेकराची पावलं उमटतात तेव्हा टॉकीजात चिडीचूप. बाहेर आलो तर पानटपरीवर झिंगाट. त्या वर्षी आमच्या गावात एक वरात निघाली. ज्या आळीतून आमच्या नवरदेवाची घोडी जाऊ देत नाहीत, त्या आळीची वरात. पुढं बँडवर झिंगाट वाजवणारी पोरं कुठली? आमच्याच वस्तीतली. सुपारी घेतली होती. त्यांना दोष देत नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण समाजानं 'सैराट'मधून नेमकं काय उचललं ते मला त्या रात्री कळलं. गाणं उचललं, जोडी उचलली, पावलं टॉकीजातच सोडून दिली.

ही 'जोडी' म्हणजेच ह्या दोन पोरांच्या गळ्यात बांधलेला धोंडा. टीव्हीवर बोलवा जोडी, दुकानाच्या उद्घाटनाला बोलवा जोडी, डायलॉग म्हणून दाखवा. शाळेतली पोरगी गर्दीमुळं शाळेत जाऊ शकली नाही, दहावीला बाहेरून बसली. पेपरांनी तिचे ६६.४० टक्के छापले, बारावीचे ८२ टक्केही छापले. एखाद्या नटीच्या मार्कांची चौकटीतली बातमी तुम्ही कधी वाचलीय? बड्या घरची असती तर 'परदेशात अभिनयाचं शिक्षण' अशी एक ओळ छापून मोकळे झाले असते. आपल्या मुलखातली पोरगी वर आली की तिचा अभ्यास तपासायचा, तिचं दिसणं तपासायचं, आणि तिनं कोणतं पात्र कसं उभं केलं हे मात्र तपासायचं नाही. समीक्षा ज्याला म्हणतात ती ह्या पोरीच्या वाट्याला आलीच नाही. 'नैसर्गिक अभिनय' हा शब्द आला. ह्या शब्दापासून सावध राहा. आपण काही चांगलं केलं की ते नैसर्गिक असतं, त्यांनी केलं की ती साधना असते.

आता पुढची घरं बघू.

रिंकूनं आधी 'सैराट'चंच कानडी रूप केलं, 'मनसु मल्लिगे', २०१७. तिथं पुन्हा तीच पोरगी, नायक दुसरा. २०१९ मध्ये मकरंद मानेंचा 'कागर', त्यात राजकारणातल्या घरची मुलगी. म्हणजे आर्चीचाच वाडा, फक्त रंग नवा. 'मेकअप' आला, त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. २०२० मध्ये हॉटस्टारवर 'हंड्रेड' ही हिंदी मालिका, लारा दत्ताबरोबर. पात्राचं नाव नेत्रा पाटील. बघा, हिंदीवाल्यांनाही मराठी पोरगी म्हटली की पाटीलच सुचतं. चार वर्षं ही पोरगी पाटलाच्या घरातून बाहेर पडत नव्हती, आणि आपण पोरं बाहेर उभं राहून शिट्ट्या मारत होतो.

मग २० ऑगस्ट २०२१. झी फाइव्हवर '२०० हल्ला हो', दिग्दर्शक सार्थक दासगुप्ता. मूळ घटना तुम्हाला ठाऊक असायलाच हवी. १३ ऑगस्ट २००४, नागपूरचं न्यायालय. कस्तुरबा नगरच्या बायकांनी अक्कू यादव नावाच्या गुंडाला भर कोर्टात संपवला. वर्षानुवर्षं वस्तीवर अत्याचार करत होता, पोलीस तक्रार घेत नव्हते. त्या घटनेवरच्या पिक्चरमध्ये रिंकूचं पात्र आहे आशा सुर्वे. वस्तीतली, शिकलेली, दलित पोरगी. आणि ती जातीचं नाव घेते. आडून नाही, 'खालच्या थरातले लोक' असं गोलमाल नाही. जागोजागी आमची जात आम्हाला आठवण करून देता, मग आम्हीच जातीबद्दल बोलायचं नाही का, असा तिचा सवाल आहे. समोर अमोल पालेकर, तेही दलित न्यायाधीशाच्या भूमिकेत. हा माणूस आयुष्यभर कायद्याच्या कपाटात बसून जात विसरायचा प्रयत्न करत आलेला.

पिक्चरमध्ये दोष आहेत. संवाद काही ठिकाणी भाषणासारखे होतात, कोर्टाचा शेवटचा भाग फार सजवलेला आहे, बायकांच्या आयुष्यापेक्षा न्यायाधीशाच्या मनाला जास्त वेळ दिलाय. हा शेवटचा दोष मला सगळ्यात जास्त डाचतो. दोनशे बायका उठल्या आणि गोष्ट मात्र एका पुरुषाच्या सदसद्विवेकाची झाली. पण त्यात ही पोरगी कशी उभी आहे ते पाहा. आर्चीत सगळं अंगात होतं. बुलेटचा हँडल, ट्रॅक्टरचं स्टिअरिंग, इंग्रजीत सांगायची धमकी. मागं बापाची सत्ता होती म्हणून ते अंग मोकळं होतं. पाटलाची पोर मान वर करून चालते त्यात तिचं कर्तृत्व अर्धं, वाड्याचं अर्धं. आशा सुर्वेच्या मागं वाडा नाही. म्हणून रिंकूनं तिथं हातवारे जवळजवळ टाकून दिलेत. ती जागेवर उभी राहते आणि समोरच्याच्या डोळ्यांतून नजर काढत नाही. तोच निबर आवाज, पण आर्चीत तो हुकूम होता, इथं तो जबाब आहे. नटाची वाढ म्हणतात ती ही. आणि ही वाढ कुणी नोंदवली? आपण तरी?

आपण पाहिलाच नाही. करोनाचे दिवस, टॉकीजं बंद, पिक्चर आला तो थेट फोनवर, पैसे भरणाऱ्यांसाठी. मी कुणाच्या तरी भावाच्या खात्यावर पाहिला, सहा जण एका मोबाईलभोवती. मधून मधून फिरणारं चाक यायचं. अशा पाहण्यात शिट्टी मारता येत नाही, शेजारची खोली उठते. हे कारण खरं आहे, पण पुरं नाही. टॉकीजं उघडली, यूट्यूबवर तुकडे आले, तरी आपल्या पोरांच्या मोबाईलवर स्टेटसला कोण होतं? बुलेटवरची आर्चीच. आपल्याला पाटलाची पोरगी आपल्या प्रेमात पडलेली हवी. आपल्याच वस्तीतली पोरगी कोर्टात उभी राहून बोलते, तर तिच्यात आपल्याला रस नाही. नर्सिंगवालीनं हेच विचारलं होतं, चांगल्या शब्दांत.

पुढं 'झुंड', ४ मार्च २०२२. इथं मंजुळेंनी रिंकूला मोनिका केली, आदिवासी पोरगी. खेळायला परदेशी जायचं तर पासपोर्ट हवा, आणि आपण ह्या देशाचे आहोत याचा कागद नाही. बापाला घेऊन ती ह्या कचेरीतून त्या कचेरीत फिरते. संवाद मोजके. पाटील ते सुर्वे ते मोनिका. पाटलांच्या गढीवरून उतरत उतरत ही पोरगी अशा घरापर्यंत आली की ज्या घराची नोंदच सरकारात नाही. मराठी-हिंदी पडद्यावर असा प्रवास केलेली दुसरी तरुण नटी मला आठवत नाही. त्यानंतर ती 'झिम्मा २'मध्ये, २०२३ ला, परदेशी सहलीला निघालेल्या बायकांतही दिसली. दिसू दे. तिनं आयुष्यभर आपल्यासाठी कागद शोधत फिरावं असा काही करार झालेला नाही. नटीला हसायचाही हक्क आहे.

आता आकाश. इथं मला जास्त दुखतं, कारण तो 'आपला' होता.

'सैराट'नंतर त्याला पहिलं घर मिळालं 'एफ. यू.', २०१७, महेश मांजरेकरांचा. कॉलेज, मित्र, गाणी, गॉगल. वर्षभरापूर्वी ज्या पोराच्या बापानं जातपंचायतीपुढं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं होतं, त्याला आता बापच नव्हता म्हणा ना, कपडे होते. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर 'लस्ट स्टोरीज', अनुराग कश्यपच्या भागात राधिका आपटेसमोर. नाव तेजस, तिचा विद्यार्थी. आडनाव नाही, गाव नाही. काम त्यानं चांगलं केलंय, बावरलेपण नेमकं पकडलंय, पण भाग सगळा तिचा आहे. मग २०२१ मध्ये हॉटस्टारची '१९६२: द वॉर इन द हिल्स', पुन्हा मांजरेकर. त्यात तो जवान किशन यादव. तालमीतलं शरीर शेवटी वर्दीत घातलं. शरीर आहे, तर वर्दी द्या. ह्या पोराला डोळे आहेत हे मंजुळे सोडून फारसं कुणाला दिसलेलं नाही.

पाहा काय झालं ते. पारश्याला पडद्यावर जात होती म्हणून त्याच्यात जीव होता. ती जात काढून घेतली आणि त्याला 'कुणीही' करून टाकला. कुणीही म्हणजे सवर्ण, हे आपल्याकडं सांगावं लागत नाही. आमच्यातले शिकलेले नोकरीला लागल्यावर शहरात आडनाव बदलतात, फ्लॅटमधला फोटो आतल्या खोलीत लावतात. मी त्यांची टिंगल खूप केली. पण आकाशची कारकीर्द पाहताना वाटलं, हे आडनाव बदलणं त्यानं केलं नाही, बाजारानं केलं. त्याला विचारलंही नसेल.

आणि गंमत म्हणजे 'झुंड'मध्ये मंजुळेंनीच त्याला पलीकडच्या बाजूला उभा केला. सांभ्या. झोपडपट्टीतल्या डॉनला छळणारा, दादागिरी करणारा. टॉकीजात पोरं गोंधळली. पारश्या आला म्हणून शिट्टी मारली आणि ती ओठांवरच विरली. मला वाटतं ही मंजुळेंची चाल होती: तुम्ही चेहऱ्यावर प्रेम करता की बाजूवर, ते बघू. डॉन केला अंकुश गेडामनं, नागपूरचा पोरगा. त्याला २०२३ मध्ये फिल्मफेअरचं पदार्पणाचं बक्षीस मिळालं. २०२३ मध्येच आकाश 'घर बंदूक बिरयानी'त राजू होऊन आला, बिर्याणी शिजवणारा, प्रेमात पडलेला. गोड काम आहे. पुन्हा आटपाटचंच घर. म्हणजे ह्या पोराला मातीतलं माणूस म्हणून उभं करणारं एकच दार, आणि तेही ज्यातून आला तेच. एका दारावर कारकीर्द होत नाही.

इथं काही कॉम्रेड म्हणतील की गुण असतील तर माणूस वर येतोच. ह्याला उत्तर म्हणून दोन पिक्चर पुरेत.

'सैराट' हिंदीत नेला करण जोहरच्या कंपनीनं, 'धडक', जुलै २०१८. आर्चीच्या जागी श्रीदेवीची मुलगी जान्हवी कपूर, पारश्याच्या जागी ईशान खट्टर. गाव उचलून उदयपूरला नेलं. मासे धरणारा बाप गेला, तळ्याकाठचं हॉटेल आलं. जात कुठं तरी एका वाक्यात पुटपुटली. आणि शेवट? आमच्याकडं दोघं मेली, लेकरू उरलं. तिकडं पोरगा नि लेकरू मेलं, मोठ्या घरची लेक जिवंत राहिली. मारायचं ठरलं तरी कुणाला मारायचं हे घराणं बघून ठरतं! कानड्यांनी निदान रिंकूला तरी बोलावलं होतं. हिंदीनं गोष्ट घेतली, गाणी घेतली, माणसं परत पाठवली. जान्हवीवर माझा राग नाही, पोरगी कष्ट करते. पण तिला पहिल्या पिक्चरनंतर पुढचे पाच मिळणारच होते, आणि रिंकूला प्रत्येक वेळी पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावं लागलं.

दुसरा 'धडक २', ऑगस्ट २०२५. शाझिया इक्बालचा. 'परियेरुम पेरुमाळ' ह्या तमिळ पिक्चरवरून घेतलेला. ह्यात जात आहे, लपवलेली नाही, आणि मी तो दोनदा पाहिला, दोन्ही वेळा घशात आलं. पण दलित नायक कोण? सिद्धांत चतुर्वेदी. त्याचा रंग मेकअपनं काळवंडवला अशी टीका झाली. काम त्यानं मन लावून केलंय, ते नाकारत नाही. माझा प्रश्न साधा आहे. ज्यांना रंग लावावा लागत नाही, असे पोरगे तुमच्याकडं नऊ वर्षांपासून उभे होते की. ज्याला जात दाखवायचीय त्याला वर्दी दिली, आणि ज्याला रंग लावावा लागतो त्याला जात दिली.

म्हणून त्या दिवशी वर्गात जे भांडण झालं त्यात दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर होत्या असं मला आता वाटतं. पोरं 'आमचा पारश्या' म्हणून ओरडत होती ते खोटं नव्हतं. त्यांचा पोरगा खरंच हरवलाय. पण हरवलेल्या पोराच्या नावानं ओरडताना घरात आलेल्या पोरीकडं बघायचं राहून गेलं. पाटलाची म्हणून जिला डोक्यावर घेतलं ती स्वतः चालत आपल्या वस्तीत आली, आणि आपण अजून वेशीवरच्या बुलेटकडं बघत बसलोय.

जयंतीच्या कार्यक्रमाला पडदा लावून पिक्चर दाखवायचा ठरलाय. परवा त्यावर मतं घेतली. पोरांना 'सैराट' हवा होता, नर्सिंगवालीनं '२०० हल्ला हो' सुचवला, तिच्या बाजूनं हात चारच वर झाले, त्यातला एक माझा. शेवटी 'झुंड'वर मिटलं. ती म्हणाली, चालंल, पण मोनिका कचेऱ्या फिरायला लागली की कुणी चहाला उठायचं नाही. सेक्रेटरीनं ते मिनिट-बुकात लिहून घेतलंय.